कॉलेज फुटबॉल: संघाची संस्कृती मोठी की विजय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच सप्टेंबरमध्ये एक दृश्य दिसतं: शनिवारी अख्खं विद्यापीठाचं गाव एकाच रंगाचे टी-शर्ट घालून स्टेडियमकडे निघालेलं असतं. ॲन आर्बर, कोलंबस, स्टेट कॉलेज, कॉलेज स्टेशन, सगळीकडे तेच. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांहून जास्त आहे. हळूहळू खेळ कळायला लागतो, संघ आपला वाटू लागतो आणि मग एक जुना वाद कानावर येतो: कोचनं आधी संघ घडवायचा की आधी सामने जिंकायचे? त्या वादात नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हे वेगळं सांगायला नकोच.

प्रश्न: एका वाक्यात उत्तर द्या. संस्कृती की विजय?

संस्कृती. मैदानावरची मुलं अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची विद्यार्थी असतात आणि त्यांच्यातली दोन टक्केही पुढे व्यावसायिक एनएफएलमध्ये निवडली जात नाहीत. बाकीच्यांच्या हातात चार-पाच वर्षांनी उरते ती पदवी, स्वतःचं शरीर आणि तिथे अंगी लागलेल्या सवयी. विजय हवाच, त्याची किंमतही मोठी आहे. पण दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली, तर कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

प्रश्न: ‘टीम कल्चर’ सगळेच म्हणतात. ते नेमकं असतं तरी काय?

लॉकर रूमच्या भिंतीवरच्या पाट्या, सामन्याआधीची भाषणं, सगळ्यांनी एकत्र जेवणं हे त्याचं वरवरचं रूप आहे. खरी संस्कृती तीन-चार जागी दिसते. कोणी पाहत नसताना उन्हाळ्यातला व्यायाम कोण करवून घेतं, कोच की चौथ्या वर्षाची मुलं? ज्याला कधीच मैदानावर उतरवलं जात नाही, त्या वॉक-ऑनशी, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय स्वखर्चानं संघात राहिलेल्या मुलाशी, संघाचं आक्रमण चालवणारा स्टार क्वार्टरबॅक कसा बोलतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘मला चक्कर येतेय’ किंवा ‘काल रात्री जे झालं ते बरोबर नव्हतं’ हे एखादा पोरगा न घाबरता सांगू शकतो का?

मी शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वजन देते. बाकीचं सगळं दिखाव्यासाठी उभं करता येतं, हे येत नाही.

प्रश्न: चांगली संस्कृती असली की संघ आपोआप जिंकतो ना?

आपोआप नाही. संस्कृतीचं कौतुक करणारे नेमके इथेच घसरतात. मानसशास्त्रज्ञांनी संघातली एकी आणि कामगिरी यांचा संबंध बराच तपासला आहे. मलन आणि कॉपर या संशोधकांनी १९९४ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. संबंध निघाला, पण त्याची दिशा विचार करायला लावणारी होती. एकीमुळे कामगिरी सुधारते त्यापेक्षा कामगिरीमुळे एकी वाढते, हा परिणाम जास्त ठळक होता. जिंकणाऱ्या संघात सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं, हे ऐकताना हे लक्षात ठेवावं. कॅरन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फक्त खेळांवरचे अभ्यास घेतले, तेव्हा संबंध दोन्ही दिशांनी दिसला. पहिल्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. खेळाडूंचं एकमेकांवर किती प्रेम आहे यापेक्षा हातातल्या कामाशी त्यांची बांधिलकी किती, याचा कामगिरीशी संबंध जास्त घट्ट होता.

शिवाय फुटबॉलमध्ये गुणवत्तेला पर्याय नाही. समोरच्या फळीतला लाइनमन तीस किलोनं जड आणि तरीही चपळ असेल, तर भिंतीवरची पाटी त्याला अडवू शकत नाही. चांगली संस्कृती एवढंच करते की असलेल्या गुणवत्तेतलं फारसं काही वाया जाऊ देत नाही, आणि दोन-तीन पराभवांनंतर संघाचे तुकडे होऊ देत नाही.

प्रश्न: अलाबामाचे माजी कोच निक सेबन यांची ‘प्रोसेस’ ही संस्कृती म्हणायची की जिंकण्याचं यंत्र?

दोन्ही, आणि म्हणूनच ते उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. १९९८ मध्ये सेबन मिशिगन स्टेटचे कोच होते. समोर देशात पहिल्या क्रमांकावर असलेला ओहायो स्टेट, तोही त्यांच्याच मैदानावर. लायोनेल रोझेन या मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून सेबन यांनी खेळाडूंना सांगितलं की धावफलकाकडे बघूच नका. एक चाल साधारण सात सेकंद चालते, तेवढी सात सेकंद खेळा, मग विसरा, मग पुढची सात. मिशिगन स्टेट पंधरा गुणांनी मागे होता, तो २८-२४ असा जिंकला.

हीच ती ‘प्रोसेस’. पुढे अलाबामात याच विचारावर सतरा वर्षं उभी राहिली: २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२० च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद. एलएसयूकडचं, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडचं, २००३ चं धरून एकूण सात. पण पहिलं वर्ष, म्हणजे २००७, विसरू नका. सात विजय, सहा पराभव, आणि त्यातला एक घरच्या मैदानावर लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या संघाकडून. त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं की प्रोसेस चालते का, तर धावफलक ‘नाही’ म्हणाला असता. विद्यापीठानं धीर धरला. प्रत्येक कोचला एवढा धीर मिळत नाही, सेबन यांना मिळाला कारण ते आधी जिंकून आले होते. संस्कृती रुजायला वेळ लागतो आणि तो वेळ जुन्या विजयांच्या भांडवलावरच मिळतो, हे विजयाच्या बाजूचं सगळ्यात सबळ कारण आहे आणि मला ते पटतं.

प्रश्न: संघ वर्षानुवर्षं जिंकतोय, म्हणजे आत सगळं ठीकच असणार, असं मानायला काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. बेलर विद्यापीठाचा संघ १९९६ ते २००९ एकाही हंगामात हरण्यापेक्षा जास्त जिंकला नव्हता. कोच आर्ट ब्राइल्स आले आणि चित्र पालटलं. २०१३ आणि २०१४ मध्ये बिग १२ या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद, २०१४ मध्ये नदीकाठी नवं कोरं स्टेडियम. २०१६ च्या मे महिन्यात एका बाहेरच्या कायदा कंपनीनं केलेल्या चौकशीचे निष्कर्ष विद्यापीठानं जाहीर केले. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दडपल्या गेल्या, काही प्रकरणांत फुटबॉलच्या लोकांनी त्या पुढे कळवल्याच नाहीत आणि फुटबॉल नियमांच्या वर आहे अशी समजूत पसरली होती. ब्राइल्स यांना जावं लागलं, विद्यापीठाच्या अध्यक्षांनाही पद सोडावं लागलं. ज्या मुलींनी तक्रार केली होती त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्या काळातला प्रत्येक विजय त्यांचं तोंड आणखी बंद करत होता.

पेन स्टेटचं दुःख याहून खोल आहे, कारण तो संघ संस्कृतीचाच नमुना म्हणून मिरवला जात होता. ‘सक्सेस विथ ऑनर’, सन्मानानं यश, हे त्यांचं ब्रीद. कोच जो पटर्नो यांचे खेळाडू पदव्या घेत, जर्सीवर नावं नसत, ग्रंथालयासाठी कोच स्वतः देणग्या देत. त्यांचे ४०९ विजय झाले. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे जुने सहायक जेरी सँडस्की यांना मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी अटक झाली आणि पुढच्या वर्षी ते ४५ आरोपांत दोषी ठरले. २००१ मध्ये एका तरुण सहायकानं डोळ्यांनी पाहिलेला प्रकार पटर्नो यांच्या कानावर घातला होता. त्यांनी तो वरिष्ठांना कळवला, पण पोलिसांपर्यंत तो तेव्हा पोचलाच नाही. पटर्नो यांना काढल्याच्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांनी एका वाहिनीची गाडी उलटवली. पीडित मुलांसाठी मेणबत्त्या नंतर लागल्या. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेनं सहा कोटी डॉलरचा दंड केला, विजय खोडले, २०१५ मध्ये ते परत नोंदवले. कोणाला काय आणि किती ठाऊक होतं, यावर आजही वाद आहे आणि पटर्नो कुटुंबानं चौकशी अहवाल मान्य केला नाही. पण खूप काळ निष्कलंक मानलं गेलेलं संघाचं नाव जपण्यासाठीच माणसं गप्प राहतात, एवढं तरी या प्रकरणानं मला शिकवलं.

प्रश्न: म्हणजे जिंकणारे संघच वाईट निघतात?

तसं अजिबात नाही. मेरीलँडचा संघ २०१७ मध्ये चार सामने जिंकून आठ हरला होता. २९ मे २०१८ रोजी सरावात धावण्याच्या फेऱ्या चालू असताना जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा लाइनमन उष्माघातानं कोसळला. लक्षणं दिसल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. अशा वेळी खेळाडूला तात्काळ बर्फाच्या पाण्यात बसवायचं असतं, तेही केलं गेलं नाही. १३ जूनला तो गेला.

नंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल आवर्जून लक्षात ठेवण्यासारखा आहे. संघाची संस्कृती ‘विषारी’ होती असं म्हणायला आयोग तयार नव्हता. पण बोलायला घाबरणारे खेळाडू इतके होते की प्रश्न साचत आणि चिघळत गेले, असं त्यानं नोंदवलं. माझ्या मते या दोन वाक्यांत फार अंतर नाही. ३० ऑक्टोबरला विद्यापीठाच्या नियामक मंडळानं कोच डी. जे. डर्किन यांना परत घेतलं, विद्यार्थी आणि खेळाडू संतापले आणि दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांना काढलं.

प्रश्न: शिस्त कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो? फुटबॉल काय लाडानं शिकवता येतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा जुन्या काळचे कडक कोच बेअर ब्रायंट असतात. १९५४ मध्ये त्यांनी टेक्सास ए अँड एमचा संघ जंक्शन नावाच्या गावी नेला. दुष्काळी भाजणारं ऊन, सरावात पाणी पिऊ द्यायचं नाही, दहा दिवस. कित्येक मुलं रातोरात निघून गेली. त्या हंगामात संघ एक सामना जिंकला आणि नऊ हरला. दोन वर्षांनी अपराजित राहून तो आपल्या गटाचा विजेता झाला आणि लोकांनी श्रेय जंक्शनला दिलं. मधल्या काळात भरती झालेली चांगली मुलं, वाढलेला अनुभव यांची आठवण कोणाला राहिली नाही. त्या शिबिरात एका मुलाला उष्माघात झाला होता, तो वाचला. वाचला नसता तर आज ती गोष्ट कोणी अभिमानानं सांगितली नसती.

त्याच्या शेजारी जॉन गॅगलियार्डी यांना उभं करा. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या छोट्या कॉलेजात त्यांनी साठ वर्षं प्रशिक्षण दिलं. सरावात टॅकल करायचं नाही, म्हणजे कोणाला धरून पाडायचं नाही. शिट्टी नाही. व्यायामाची सक्तीची कवायत नाही. ‘कोच’ म्हणायचं नाही, सरळ ‘जॉन’ म्हणायचं. २०१२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय होते, कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक, आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं. हे सगळं अशा पातळीवर जिथे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, म्हणजे मुलं मनापासून आवडतंय म्हणूनच टिकायची. मोठ्या विद्यापीठांत हे जसंच्या तसं चालेल असा माझा दावा नाही. पण ‘मुलांना पिळल्याशिवाय संघ घडत नाही’ हे विधान मात्र या एका माणसानं खोटं पाडलं आहे.

सीमारेषा मी अशी आखते: त्रास खेळ सुधारण्यासाठी दिला जातोय आणि खेळाडू तो थांबवू शकतो, तर शिस्त. अपमान करणं हाच हेतू आहे आणि नाही म्हटलं तर शिक्षा आहे, तर छळ. नॉर्थवेस्टर्नमध्ये २०२३ साली उघडकीला आलेलं हेझिंग, म्हणजे जुन्यांनी नव्यांना ‘सामावून घेण्याच्या’ नावाखाली दिलेला त्रास, दुसऱ्या बाजूचं होतं. कोच पॅट फिट्झजेराल्ड यांना काढलं गेलं. २०२५ मध्ये तडजोड झाली तेव्हा, कोणा खेळाडूनं त्यांना हेझिंगबद्दल कळवलं होतं किंवा त्यांनी ते चालवून घेतलं होतं असं पुराव्यांतून सिद्ध होत नाही, असं विद्यापीठानं मान्य केलं. हेही नोंदवलंच पाहिजे.

प्रश्न: संघातला सर्वोत्तम खेळाडू गुन्हा करून बसला तर?

नेब्रास्का, १९९५. कोच टॉम ऑस्बर्न, सज्जन म्हणून देशभर मान असलेला माणूस. सप्टेंबरमध्ये त्यांचा अव्वल रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, लॉरेन्स फिलिप्स यानं आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केली आणि त्याला अटक झाली. ऑस्बर्न यांनी त्याला निलंबित केलं आणि सहा सामन्यांनंतर परत घेतलं. त्यांचं म्हणणं असं की बालगृहांतून वाढलेल्या या मुलाच्या आयुष्यात फुटबॉल हा एकच आधार आहे, तोही काढून घेतला तर तो संपेल. अंतिम सामन्यात फिलिप्स पहिल्यापासून खेळला, त्यानं तीन टचडाउन केले, नेब्रास्कानं फ्लोरिडाचा ६२-२४ असा फडशा पाडला.

ऑस्बर्न खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. फिलिप्सच्या आयुष्याची शेवटची वर्षं तुरुंगात गेली आणि २०१६ मध्ये तो कोठडीतच मेला. त्याची काळजी करणारं कोणीतरी हवंच होतं. पण मारहाण झालेली मुलगी त्याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होती. तीही खेळाडू होती, तीही विद्यार्थिनी होती. त्याला आधार द्यायला जर्सी परत द्यावीच लागते असं नाही. शिक्षण, उपचार, सरावाची जागा हे सगळं सामने न खेळवताही देता आलं असतं. जर्सी परत दिली की त्या निर्णयात विजयाचा वाटा किती, हे कोच स्वतःसुद्धा छातीठोक सांगू शकत नाही.

प्रश्न: पण कोचची नोकरी तर जिंकण्यावरच टिकते ना?

हो. ऑबर्नचे जीन चिझिक २०१० मध्ये अपराजित विजेते ठरले, २०१२ मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव झाले आणि गेले. एलएसयूचे एड ओर्जरॉन यांचा २०१९ चा संघ पंधरापैकी पंधरा सामने जिंकला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा निरोप ठरला होता. टेक्सास ए अँड एमनं २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना कराराच्या मध्येच काढलं आणि त्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायची तयारी दाखवली. ज्या व्यवसायात हरल्याबद्दल काढायला इतका पैसा आहे, तिथे कोचनं एकट्यानं मूल्यं सांभाळावीत ही अपेक्षाच चुकीची आहे. विद्यापीठाचे अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि पैसा ओतणारे बूस्टर यांनी करारात आणि वागण्यात काय मोजलं, त्यावर सगळं ठरतं.

प्रश्न: आता खेळाडूंना पैसे मिळतात आणि ते दरवर्षी संघ बदलू शकतात. मग संस्कृती कसली उरली?

प्रश्न रास्त आहे. २०२१ पासून खेळाडू स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमावू शकतात, आणि त्याच वर्षापासून ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीतून, पहिल्यांदा संघ बदलताना एक वर्ष बाहेर बसायची अट गेली. २०२४ पासून ती पुढच्या बदलांनाही उरली नाही. २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात, सर्व खेळ मिळून पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. मुलांना त्यांच्या घामाचा वाटा मिळतोय याचा मला आनंदच आहे. कोच रातोरात नोकरी बदलणार आणि अठरा वर्षांच्या पोरानं मात्र निष्ठा दाखवायची, ही जुनी व्यवस्था अन्यायाचीच होती.

क्लेमसनचे कोच डॅबो स्वीनी बराच काळ पोर्टलपासून लांब राहिले. आपल्याच भरती केलेल्या मुलांना चार वर्षं वाढवायचं, या पद्धतीनं त्यांनी २०१६ आणि २०१८ चे हंगाम जिंकले होते. नव्या काळात तोच हट्ट महाग पडला, क्लेमसन त्या उंचीवर पुन्हा पोचला नाही.

उलट टोकाला इंडियाना. मोठ्या संघांत सर्वाधिक पराभवांसाठी बराच काळ ओळखलं गेलेलं विद्यापीठ. २०२३ मध्ये तीन विजय, नऊ पराभव. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून आले ते आपले तेरा खेळाडू सोबत घेऊन. २०२४ मध्ये अकरा विजय, २०२५ च्या हंगामात एकही पराभव न होता राष्ट्रीय विजेतेपद. मला यात रस आहे तो त्या तेरा मुलांमुळे. तालमीत वस्ताद नवा असला तरी जुने पठ्ठे सोबत असले की नव्या पोरांना रीत सांगावी लागत नाही, तसं तिथे झालं. पोर्टलमुळे संस्कृती मेली नाही, ती आता माणसांबरोबर प्रवास करते.

प्रश्न: घोषवाक्यांचा काही उपयोग असतो का?

घोषवाक्यामागे खरं काही असेल तर असतो. कोच पी. जे. फ्लेक यांचं ‘रो द बोट’, वल्हवत राहा, हे त्यांचं तान्हं बाळ गेल्यानंतरच्या दुःखातून आलं. वेस्टर्न मिशिगनमध्ये पहिल्या वर्षी एक विजय आणि अकरा पराभव पदरी पडले, तरी त्यांनी ते सोडलं नाही. २०१६ मध्ये संघ तेरा सामने जिंकला. हरतानाही जे म्हणता येतं ते वाक्य टिकतं.

प्रश्न: पैसा आणि तारे नसतानाही फक्त संस्कृतीवर जिंकणारा संघ आहे का?

सगळ्यात जवळचं उदाहरण आर्मीचं, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचं. कॅडेटना जाहिरातींचे पैसे घेता येत नाहीत आणि पदवीनंतर सैन्यात सेवा करावी लागते. २००३ मध्ये हा संघ तेराच्या तेरा सामने हरला होता. २०२४ मध्ये तो बारा जिंकला. पण इथेही फक्त संस्कृती म्हणू नका. कोच जेफ मन्केन यांनी चेंडू हातात घेऊन पळण्यावर भर देणारी अशी पद्धत ठेवली की आकारानं लहान पण शिस्तबद्ध खेळाडूंचा फायदा व्हावा. आपल्या मुलांना शोभेल असा खेळ निवडणं हाही त्यांचा मान राखण्याचाच भाग आहे.

प्रश्न: आमच्या नात्यातला तिकडे वाढलेला मुलगा कॉलेज संघात जायचं म्हणतोय. घरच्यांनी काय विचारावं?

विद्यापीठ भेटीला बोलावतं तेव्हा स्टेडियम, जिम, चकचकीत लॉकर रूम दाखवतात. ते बघाच, पण कोचशिवाय दोन माणसांना वेगळं गाठा. एक, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा वॉक-ऑन. त्याला विचारा की दुखापत झाल्यावर त्याच्याशी कसं वागले आणि पडत्या काळात अभ्यासाला कोणी मदत केली. दुसरा, संघाचा ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत पाहणारा माणूस. त्याला विचारा की सराव थांबवायचा अधिकार त्याचा की कोचचा, आणि त्यानं शेवटचा कधी थांबवला होता. त्याला कामावर घेणं-काढणं कोचच्या हातात आहे का, हेही विचारा. बर्फाच्या पाण्याचा टब मैदानापासून किती अंतरावर ठेवतात ते प्रत्यक्ष चालत जाऊन पाहा. गेल्या तीन वर्षांत किती मुलं संघ सोडून गेली आणि त्यातली किती पदवी घेऊन गेली, हा आकडा लेखी मागा. उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर मागच्या वर्षी संघ किती सामने जिंकला होता याचा विचार न करता पुढच्या विद्यापीठाची भेट ठरवा.